लाभ, दोन, तीन

आमच्या हिच्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडते आणि त्या खिडकीत तीन बाण असतात. बाणांची टोकं समोर बसणाऱ्याकडे नसून उजवीकडे असतात हे मला मान्य आहे, पण बाण ते बाण. घरी कुणी आलं तर आपण "या, बसा" म्हणतो, निदान पंखा तरी लावतो. ही खिडकी आल्या माणसावर बाण रोखते आणि गप्प राहते. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं होतं.

"याला शेल म्हणतात," विनया म्हणाली. विनया म्हणजे आमची ही. "पायथॉन नावाची संगणकाची भाषा आहे ना, तिच्याशी इथे समोरासमोर बोलायचं. आपण एक ओळ लिहायची, की ती लगेच उत्तर देते. बाण म्हणजे 'बोला, ऐकतेय'."

"मग तसं म्हणावं की!"

"अहो, ते यंत्र आहे."

"यंत्र असलं म्हणून रीतभात सोडायची?"

यावर तिने चष्मा नाकावर सरकवून माझ्याकडे जे पाहिलं, ते वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहावं तसं होतं. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. कारण तशी ती हल्ली बघतच नव्हती.

विनया वसईच्या शाळेत गणित शिकवायची. आजही बाजारात निघालो की दहा पावलांवर कुणीतरी वाकून "बाई, ओळखलंत का?" म्हणतं, आणि मी पिशवी धरून बाजूला उभा असतो. तिचा वर्गातला आवाज मी एकदा शाळेच्या फाटकाबाहेरून ऐकला होता. रिक्षावालासुद्धा सरळ बसला होता. निवृत्त झाल्यावर तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. घरात ती हळू बोलू लागली. दुधीच्या भावावरून घासाघीस करेना. मग तिने आपण होऊन हे पायथॉन शिकायला घेतलं, आणि एवढ्या झपाट्याने शिकली की मी थक्क झालो. मी विमा कंपनीत दावे विभागात जन्म काढला, पण नवीन फॉर्म आला की मी तो आधी शेजारच्या टेबलावर सरकवायचो. ही बाई साठीला नवी भाषा शिकते, आणि तीही अशी, जिच्यात चुकलं की लगेच तोंडावर सांगतात!

आता जवळच्या पापडी गावातल्या वाचनालयाच्या माडीवर एक मोठी खोली दुपारी रिकामी असते. वाचनालय चालवतात प्रिस्का मॅडम. त्याही जुन्या मुख्याध्यापिका. परिसरातल्या बायकांसाठी दुपारचा एक वर्ग सुरू करायचा असं त्यांनी ठरवलं. उमेदवार दोन. एक विनया, संगणकाच्या भाषेचा वर्ग घेऊन. दुसरी ॲंजेला, केकचा वर्ग घेऊन. दोघींनी एकाच रविवारी लागोपाठ एकेक तास घेऊन दाखवायचा आणि खोली कुणाला द्यायची ते प्रिस्का मॅडम तिथल्या तिथे सांगणार.

केकसमोर पायथॉन! तुम्हीच सांगा. एकीकडे लोण्याचा वास आणि दुसरीकडे तीन बाण. विनया मात्र शांतपणे पाठाचं टाचण काढत बसली होती. पण रात्री जेवताना म्हणाली, "नाही मिळाला वर्ग तर नाही मिळाला. आता कुठे परत..." आणि वाक्य अर्धंच सोडून तिने ताक ओतून घेतलं. तेव्हाच मी ठरवलं, की या यंत्राला आपण माणसात आणायचं. रविवारी बायकांनी त्या खिडकीकडे पाहिलं की त्यांना वाटलं पाहिजे, आपण कुणाच्या तरी घरी आलोय. विनयाला यातलं काही सांगायचं नाही. ऐन वर्गात तिला कळेल आणि तिचा चेहरा खुलेल. माझ्या डोळ्यांसमोर तो खुललेला चेहरा दिसूही लागला होता, ही माझी खोड आहे.

आता मला यातलं कितपत कळत होतं? विनया शिकत असताना मी मागच्या खुर्चीत बसून शेंगा सोलायचो. तेवढं शिक्षण. शिवाय मोबाइलवर एक गृहस्थ दिसतात, ते हे सगळं हिंदीतून अगदी पोटतिडकीने सांगतात. त्यांच्याकडून कळलं की शेल उघडताना आधी एक आरंभाची फाइल वाचतं. त्या फाइलीत आपण जे लिहू ते शेलला मान्य. बाण बदला, उत्तर दाखवायची पद्धत बदला, चूक सांगायची पद्धत बदला, सगळं बदला! मी ऐकून भारावलो. ज्याने कुणी ही भाषा केली त्याने घर बांधून किल्ली सरळ भाडेकरूच्या हातात दिली की हो. आमच्या सोसायटीत खिडकीला जाळी लावायची तरी तीन सभा होतात.

विनया दुपारी टाचणाच्या झेरॉक्स काढायला गेली की मी कामाला लागायचो. पहिली फाइल लिहिली, ठेवली, आणि यंत्र म्हणालं, इथे ठेवायची परवानगी नाही. म्हटलं, घर माझं, लॅपटॉप माझ्या बायकोचा, परवानगी कुणाची? दुसरीकडे ठेवली. मग ती कुठे ठेवलीय ते यंत्राला कळवायचं असतं, आणि ते कळवायची जागा एका खिडकीच्या आतल्या खिडकीच्या आतल्या खिडकीत. आमच्या कार्यालयात आम्हीही लोकांना असेच टेबलाटेबलावरून फिरवायचो, त्यामुळे मला ते ओळखीचं वाटलं. सगळं केलं, तर म्हणे फाइल सापडत नाही. समोर दिसतेय आणि सापडत नाही! दोन दुपारी गेल्या. अखेर कळलं की मी दिलेल्या नावामागे लॅपटॉपने आपल्या मनाने '.txt' असं एक शेपूट जोडलं होतं आणि ते मला दाखवत नव्हता. लपवाछपवी माझ्याच घरात.

खालच्या मजल्यावर प्लासिड राहतो. मूळचा पापडीचा, जहाजावर इलेक्ट्रिशियन होता, त्यामुळे ज्यात वीज जाते त्यातलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं मत आहे. इस्त्रीपासून अंतराळयानापर्यंत. मी जाऊन शेपटाची गोष्ट सांगितली तर तो सरळ वर आला आणि खुर्ची ओढून बसला.

"हे बघ प्रल्हाद," तो म्हणाला, "आधी बाण काढ. बाणांच्या जागी लिही 'हुकूम'."

"हुकूम कशाला? आपण काय पत्ते खेळतोय?"

"मग तुझं काय म्हणणं?"

माझं म्हणणं तयार होतं. मी बाण खोडले आणि लिहिलं, "बोला, बाई". शेल उघडलं तर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत खरंच उमटलं, "बोला, बाई". काना-मात्रा थोडे इकडेतिकडे फेकले गेले होते आणि ते लुकलुकणारं चिन्ह भलतीकडेच जाऊन उभं राहत होतं, ते सोडा. माझ्या अंगावर काटा आला. प्लासिडने उठून माझ्याशी हात मिळवला.

तिथे थांबलो असतो तर ही हकिकत लिहायची वेळ आली नसती.

पण बोलणं अर्धवट राहिलं की शेल तीन ठिपके देऊन वाट बघत बसतं, हे माझ्या ध्यानात आलं. ठिपके हा काय प्रकार? गप्पांत समोरचा थांबला की आपण काय म्हणतो? तिथे मी लिहिलं, "हं, पुढे?" प्लासिड खूश झाला. मग चुका. ओळ चुकली की हे यंत्र इंग्रजीतून लालभडक शब्दांत अंगावर येतं, त्यात कोण कुठून कुठे गेलं याचा पाढा वाचतं. पापडीच्या बायका घाबरून पळतील! चूक सांगायची कशी, ते मला दावे विभागाने शिकवलं होतं. मी लिहून टाकलं: "आपल्या ओळीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि ती मान्य करता येत नसल्याबद्दल खेद वाटतो." माणूस नकार वाचूनही आभार मानून जायचा असा मजकूर होता तो.

यानंतर निरोपाचा प्रश्न आला. शेल बंद करायला इंग्रजीत बाहेर जातो अशा अर्थाचा शब्द लिहावा लागतो. आपल्यात निघताना कुणी "जातो" म्हणतं का? "येतो" म्हणतात. मी "येतो" शिकवलं, आणि सवयीने कुणी तो इंग्रजी शब्द लिहिलाच तर त्याचाही अर्थ "येतो" धरायला लावला. प्लासिड म्हणाला, "आणि तो 'येतो' म्हणाला की तू लगेच सोडणार? चहाचं विचारणार नाहीस?" मला माझीच लाज वाटली. म्हणून "येतो" लिहिलं की शेल म्हणणार, "बसा हो, चहा टाकलाय." पुन्हा लिहिलं की सोडणार. प्लासिड म्हणाला, "पापडीत एकदा आग्रह म्हणजे अपमान." किती वेळा करायचा यावर आमचं जुंपलं. शेवटी तडजोड अशी निघाली की ते यंत्राच्या मनावर सोडायचं. कधी एकदा, कधी चारदा, जशी यजमानाची लहर. पहिल्या प्रयोगात त्याने आम्हाला सोडलंच नाही. चहा टाकलाय, चहा टाकलाय. अखेर लॅपटॉपचं बटण दाबून धरावं लागलं, आणि विनया जिन्यात असताना आम्ही दोघं त्या मशीनवर ओणवे झालो होतो.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"बॅटरी तपासतोय," प्लासिड म्हणाला. जहाजावरचा अनुभव कामाला आला.

आणि मग भागूबाई आल्या. आमची इमारत गास गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे, आणि इमारतीला लागून भागूबाईंची वाडी. केळी, दुधी, मोगरा, पावसाळ्यात खाली भात. भागूबाईंना आमची इमारत मुळीच आवडत नाही, पण इमारतीतली माणसं आवडतात, म्हणून त्या रोज कुणाच्या तरी घरी येऊन कुणाला तरी काहीतरी सुनावतात. त्या दिवशी माझी पाळी होती. मी दोन आणि तीन पाच, पाचातून चार गेले एक, असं करून उत्तरं बघत होतो.

"काय वं, एक-एक काय लावलंय?" त्या मागून म्हणाल्या.

"उत्तर आहे भागूबाई. एक."

"आमच्याकडं खळ्यावर मोजनी करताना पैल्या मापाला एक म्हनत नाय. पैलं माप म्हंजे लाभ. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हनून सुरुवात केली का बरकत जाते. तुमच्या बाईंचा पैलाच वर्ग ना? आनि तुमी एक म्हनून सुरुवात करनार?"

मी सुशिक्षित माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण केकशी सामना होता, आणि सामना असताना माणसाने कुठलीच बाजू उघडी ठेवू नये. उत्तर दाखवण्याची जी जागा असते तिथे मी एवढंच लिहिलं, की उत्तर एकाबरोबर असेल तर "एक" न दाखवता "लाभ" दाखव. तपासून पाहिलं. पाचातून चार गेले, लाभ. भागूबाई म्हणाल्या, "आता कसं!" आणि रविवारी आपण वर्गाला येणारच असं जाहीर करून गेल्या.

रविवारी सकाळी विनया केस विंचरत असताना मी गुपचूप ती आरंभाची फाइल, रोज काम झालं की बंद करायचो ती, चालू करून ठेवली. रिक्षात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. विनयाने टाचण दोनदा वाचून दोनदा पर्समध्ये ठेवलं. मी म्हटलं, "सगळं छान होणार." ती म्हणाली, "तुम्ही लॅपटॉप नीट धरा."

माडीवर बायका बऱ्याच जमल्या होत्या. त्यातल्या निम्म्या नंतरच्या केकसाठी आधीच येऊन जागा धरून बसल्या होत्या हे उघड दिसत होतं, कारण त्यांच्या हातात डबे होते. प्रिस्का मॅडम पहिल्या रांगेत, पाठ सरळ, हात घडी. भागूबाई त्यांच्या शेजारी, न विचारता. प्लासिडने कुठूनसा प्रोजेक्टर आणला होता आणि तो भिंतीवर उलटा उजेड पाडत होता.

"हे लॅपटॉप उचलणारे गृहस्थ कोण?" प्रिस्का मॅडमनी विचारलं.

"माझे मिस्टर," विनया म्हणाली.

"त्यांना मागे बसवा."

मला मागच्या लहान मुलांच्या बाकावर बसवण्यात आलं. गुडघे हनुवटीला लागत होते. दावे विभागात माझ्या खुर्चीला हात होते, हे मला त्या क्षणी फार आठवलं.

विनयाने शेल उघडलं. भिंतीवर अक्षरं उमटली, "बोला, बाई".

ती बघतच राहिली. तीन बाणांच्या जागी हे काय, हे तिला कळेना. मग तिने हळूच मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. मी नजर चुकवली, पण हसू काही लपलं नाही. तिने पदर खांद्यावर नीट केला. घसा साफ केला. आणि बोलायला लागली, तर आवाज थोडासा वर आला होता. फार नाही. थोडासा.

"हा शेल. इथे आपण विचारायचं, इथेच उत्तर येतं. आता शाळेतलं बीजगणित आठवा. आपण म्हणायचो, मानू की क्ष बरोबर पाच. इथे बरोबरचं चिन्ह एकदा काढलं की त्याचा अर्थ 'मानू'. मी मानलं, यंत्राने ऐकलं, विषय संपला. ते काही उत्तर देत नाही. काहीतरी मानावंच लागतं. मानल्याशिवाय कुठलं गणित पुढे सरकत नाही. आणि बरोबरचं चिन्ह दोनदा काढलं की तो प्रश्न. 'आहे का हो, क्ष पाचाबरोबर?' मग ते सांगणार, खरं की खोटं."

तिने लिहिलं, क्ष बरोबर बरोबर पाच. कळ दाबली.

भिंतीवर आलं, "लाभ".

असं कसं? इथे एक कुठून आला? मी तर खऱ्या-खोट्याला हातही लावला नव्हता!

"लाभ?" प्रिस्का मॅडम म्हणाल्या. "कुणाला?"

बायका हसल्या. विनयाचा चेहरा पडला. तिने पुन्हा तीच ओळ लिहिली, पुन्हा लाभ. मग पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी तरुण सुनेला तिने कळफलकाशी बोलावलं, बहुधा स्वतःला विचार करायला सवड मिळावी म्हणून. त्या मुलीने बेरजेसाठी कंस उघडला आणि मिटवायचा विसरली. भिंत म्हणाली, "हं, पुढे?" मुलगी गोंधळली, नुसतीच कळ दाबली. "हं, पुढे?" पुन्हा दाबली. "हं, पुढे?"

"माझी जाऊ आहे ही," मागून कुणीतरी म्हणालं आणि खोली हसून हसून फुटली. घाबरून मुलीने भलतंच काही लिहिलं, त्यासरशी भिंतीवर दावे विभागाचा मजकूर सविस्तर उमटला. सहानुभूतीपूर्वक विचार, तथापि, खेद.

"हे मशीन आहे की कचेरी?" प्रिस्का मॅडम म्हणाल्या. "तिचं चुकलं काय, ते कुठे लिहिलंय?"

दाराशी ॲंजेला येऊन उभी होती. हातात केकचं ताट, त्यावर मलमलीचा रुमाल. वास आत आला. डबेवाल्या बायका चुळबुळू लागल्या. मी त्या लहान बाकात अडकल्या जागी मनातल्या मनात म्हणत होतो, प्रल्हादा, बायकोला तिचा वर्ग परत मिळत होता आणि तू त्याची माती केलीस. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मला उठून ओरडायचं होतं, की तिचा काही दोष नाही, हे सगळं मागच्या बाकाचं काम आहे. उठायला गेलो तर बाक माझ्याबरोबर उठला.

"बसा खाली," विनया म्हणाली.

तो आवाज! फाटकाबाहेरचा. मी बाकासकट बसलो. चुळबुळ थांबली. ॲंजेला उंबऱ्यातच सरळ उभी राहिली. प्रिस्का मॅडमची घडी सुटली.

"यंत्र खोटं बोलत नसतं," विनया म्हणाली. "ते जे सांगतंय त्याला कारण आहे, आणि ते कारण आज आपण सगळ्या मिळून शोधणार आहोत. आधी त्या कंसाचं बघू. कंस उघडला की मिटवायचा. मिटवेपर्यंत ते 'पुढे' विचारत राहणार, जावेसारखं. कळलं? आता लाभ. मी वेगवेगळी गणितं घालते, तुम्ही उत्तरं बघा आणि सांगा लाभ कधी येतो." तिने लिहिलं, दोन आणि दोन. चार आले. दहातून तीन, सात. पाचातून चार. लाभ!

"एकला!" दोघीतिघी एकदम ओरडल्या.

"नक्की? एकदा आलं म्हणून ठरवू नका." नवातून आठ. लाभ. तिनास तिनाने भागलं. लाभ. आता सगळी खोली ओरडत होती, डबेवाल्यासुद्धा.

"अवं, पैल्या मापाला लाभच म्हनतात!" भागूबाई उठून उभ्या राहिल्या. "मीच सांगितलं यांना. खळ्यावर लाभ, दोन, तीन!"

"छान. म्हणजे एक आला की हे लाभ म्हणतं, एवढं कळलं," विनया म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता ती चमक होती. "पण मी विचारलं होतं, क्ष पाच आहे का? उत्तर 'खरं' यायला हवं होतं. ते एक कसं झालं? कुणाला सुचतंय?"

तीही विचार करत होती, तिलाही ते त्याच क्षणी सापडत होतं, हे मला मागून तिच्या मानेवरूनसुद्धा कळत होतं. मग तिने सावकाश लिहिलं, खरं अधिक खरं. ते इंग्रजीतच लिहावं लागतं, पण अर्थ तोच.

भिंतीवर आलं, दोन.

"अगं बाई!" ॲंजेला दारातून म्हणाली.

"बघितलंत? या यंत्राच्या पोटात खरं म्हणजे एक, आणि खोटं म्हणजे शून्य. तो एकच असतो, फक्त वर 'खरं' नावाचा कपडा घातलेला. ज्या कुणी याला एकाच्या जागी लाभ म्हणायला शिकवलं, त्यांना हे ठाऊक नव्हतं." इथे तिने मागे पाहिलं. सगळ्या बायकांनी मागे पाहिलं. "पण त्यांच्यामुळे आज आपल्याला ते कळलं. टाचणात हे नव्हतं. पुस्तकातल्या पहिल्या धड्यातही नसतं."

काय बाई आहे! मी दोन आठवडे खपून जो घोळ घातला, तो तिने खडू हातात न घेता, सगळ्यांदेखत सोडवला, आणि वर त्याचा धडा केला. टाळ्या वाजवायला हात उचलले तर कोपर बाकात अडकलं.

पुढे तास राहिलाच बाजूला. ॲंजेला केक टेबलावर ठेवून पहिल्या रांगेत येऊन बसली, आणि दहा अंड्यांच्या केकचं माप सहा अंड्यांना कसं बसवायचं ते हे सांगेल का, असं विचारू लागली. विनयाने तिलाच लिहायला लावलं. चुकलं की बायका आपणच ओरडायच्या, "कंस! कंस!" भागूबाई सगळ्यांना खळ्यावरच्या मोजणीचं सांगत होत्या. अखेर प्रिस्का मॅडमनी घड्याळाकडे बोट केलं. विनयाने शेल बंद करायला घेतलं.

"बसा हो, चहा टाकलाय," भिंत म्हणाली.

पुन्हा केलं. "बसा हो, चहा टाकलाय."

यंत्राची लहर त्या दिवशी काही औरच होती. बायका आता टाळ्या वाजवून भिंतीबरोबर एका सुरात म्हणत होत्या, "बसा हो, चहा टाकलाय!" प्रोजेक्टरपाशी प्लासिड जहाज किनाऱ्याला लावल्याच्या थाटात हात बांधून उभा होता.

प्रिस्का मॅडम उठल्या. "मी पुष्कळ वर्षं वर्ग बघितले," त्या म्हणाल्या. "तास संपला की पोरी आधी दाराकडे बघतात. इथे मशीन सोडायला तयार नाही आणि बायका उठायला तयार नाहीत. विनयाबाई, खोली तुमची. ॲंजेला, तू शनिवारी ये, आणि तोवर हे ताट इथेच राहू दे."

केक उत्तम होता. मला तुकडा सर्वांत शेवटी मिळाला, कारण बाकातून बाहेर काढायला दोघं लागले.

परतताना रिक्षात ती टाचणाच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहीत होती. मी ती रागावण्याची वाट बघत होतो. न रागावणं हे रागावण्यापेक्षा वाईट असतं, हे संसार केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. घरी आल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसली, बराच वेळ खुडबुड चालली होती. मी समोर पेपर धरला होता. उलटा होता, नंतर लक्षात आलं.

"ते खेद-बिद काढून टाकलंय मी," ती म्हणाली. "चूक झाली तर ती स्पष्ट कळली पाहिजे, आणि कुठे झाली तेही. लाभ नुसत्या एकालाच ठेवलाय, खऱ्याला खरंच म्हणेल ते आता. चहाचा आग्रह एकदाच. बाकी राहू दे."

"'बोला, बाई' पण?"

"ते तर राहू देच," ती म्हणाली. "किती दिवसांनी कुणी म्हटलं." आणि घाईने उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून मग पातेल्याचा आवाज, आणि पाठोपाठ दूधवाल्याला फोनवर झापणं. खणखणीत! पाणी घालता का दुधात म्हणून. मी डोळे मिटून ऐकत राहिलो.

मग सहज लॅपटॉपकडे पाहिलं. शेल उघडंच होतं. शेवटी एक प्रश्न होता. नवरा, बरोबरचं चिन्ह दोनदा, गुणी. म्हणजे, "आहे का हो, नवरा गुणी?" आणि खाली उत्तर, खरं.

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! यंत्र खोटं बोलत नसतं, हे तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. प्लासिडला खाली बोलवायला, नव्हे, वर बोलवायला मी उठणार, तेवढ्यात त्याच्या वरची ओळ दिसली. तिथेही नवरा होता, तिथेही गुणी होतं. पण तिथे बरोबरचं चिन्ह एकदाच होतं.

म्हणजे तिने आधी मानलं होतं. मग विचारलं होतं.

मी ती खिडकी तशीच उघडी ठेवली आणि आत जाऊन न सांगता चहासाठी आलं किसायला घेतलं.